भंडारा, पाऊस, गर्दी आणि लेन्स: टिकाऊपणा आणि फोटोचा दर्जा वेगवेगळे धरायचे का?

पंचगंगाकाठ

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात राहतो, अकरा वर्षं लग्नाची कामं करतो आणि जमतील तेवढ्या यात्रांचे फोटो काढतो. एक गोष्ट मनाला फार लागली आहे. आधी ती सांगतो, मग प्रश्न.

गेल्या महिन्यात एका लग्नाचा अल्बम छपाईला देण्याआधी मोठ्या स्क्रीनवर बघत होतो. स्टेजवरचा घरच्यांचा ग्रुप फोटो, बेचाळीस माणसं. २४-७० एफ/२.८ झूम लेन्स, सगळ्यात रुंद म्हणजे २४ एमएमवर, ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/४. हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. डाव्या टोकाला उभ्या आजोबांच्या फेट्याची घडी न् घडी मोजता येते. उजव्या टोकाच्या मावशींच्या नथीतले मोती मात्र एकमेकांत मिसळून गेलेले. आधी वाटलं, मावशी हलल्या असतील. मग त्याच लग्नातले आणखी दहा फोटो उघडले. प्रत्येकात उजवी कड मऊ. मग त्याच्या आधीचं लग्न, त्याच्याही आधीचं. तुळशीचं लग्न झाल्यावर सीझन सुरू झाला, तेव्हापासून एकोणीस लग्नं केली आणि सगळीकडे तेच.

मागे मागे जात ऑक्टोबरमधल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेपाशी पोचलो. विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, भंडारा उधळला की हवाच पिवळी होते, हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. त्या रेट्यात मला मागून धक्का बसला आणि लेन्सचं तोंड दगडी कठड्यावर आपटलं. हूडला, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या कड्याला, चीर गेली, काच शाबूत राहिली. घरी येऊन ब्लोअर मारला, ओलसर फडक्यानं बाहेरून पुसली. झूम रिंग फिरवताना दोन-तीन दिवस बारीक करकर यायची, मग तीही थांबली. मला वाटलं, निभावलं.

ही लेन्स घेताना महिनाभर चाचण्या वाचल्या होत्या. कोपऱ्यापर्यंत शार्प, तिच्या गटात सगळ्यांच्या वर. ते आकडे खोटे नव्हते, पण ते कोऱ्या लेन्सचे होते. चार सीझन आणि एक यात्रा खाल्लेल्या लेन्सचे आकडे कुणीच देत नाही, आणि आम्ही पैसे कमावतो ते त्या लेन्सवर.

तर प्रश्न असा. दुरुस्त करून घेऊ की नवी घेऊ? आणि धंद्यासाठी घेताना तुम्ही आधी काय बघता, काच की बांधणी?

अंतरपाट

दादा, आधी दोष लेन्सचाच आहे याची खात्री करून घ्या. आपटताना बॉडीचा माउंट, म्हणजे लेन्स अडकते ती कडी, वाकली असेल तरी एक बाजू अशीच जाते. ही लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावा, दुसरी लेन्स या बॉडीवर लावा. दोष कुणाबरोबर जातो ते लगेच कळेल.

दुसरं, ग्रुप एफ/४ ला का काढला? मी दोन रांगा असतील तर एफ/५.६ आणि तीन रांगा असतील तर एफ/८ धरतो. एफ/११ च्या पुढे जात नाही. छिद्र फार लहान झालं की प्रकाश कडेनं पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो, हल्लीच्या ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर तर ते चटकन दिसतं.

पंचगंगाकाठ

दोन्ही बॉडींवर बघितलं. दोष लेन्सबरोबरच जातो. एफ/८ ला बराच झाकला जातो, म्हणूनच इतके दिवस लक्षात आला नाही. एफ/४ चं कारण हॉल. संध्याकाळचं रिसेप्शन, छत काळं, फ्लॅश उसळवायला जागा नाही. चूक माझी आहे, मान्य.

भिंगवाली

पुण्यात लेन्स दुरुस्तीचं काम करते, चौदा वर्षं झाली. तुमचं वर्णन वाचून आत काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आलं, म्हणून सविस्तर लिहिते.

२४-७० सारख्या लेन्समध्ये पंधरा ते वीस काचा असतात, गटागटांनी बसवलेल्या. झूम फिरवला की हे गट नळीतल्या तिरक्या खाचांमधून पुढेमागे सरकतात. त्या खाचांत छोटे रोलर असतात आणि बऱ्याच लेन्समध्ये त्या रोलरवर नायलॉनची बारीक टोपणं असतात, ज्वारीच्या दाण्याएवढी. पुढची नळी बाहेर आलेली असताना तोंडावर मार बसला की काच वाचते, पण धक्का जातो थेट या टोपणांवर. एखादं तडकतं किंवा चपटं होतं. मग नळी एका बाजूला केसभर झुकते. कॅमेऱ्याला काही कळत नाही, एरर येत नाही, फोकस मध्यावर बिनचूक लागतो. फक्त एक कड मऊ होते.

तुम्ही टिकाऊपणा आणि दर्जा वेगळे धरायचे का असं विचारलंत. माझ्या टेबलावर येणाऱ्या लेन्स बघून सांगते, ते वेगळे नाहीतच. आपटलेल्या लेन्सचा पहिला बळी काच नसते, काचांची रांग असते. आणि ती रांग बिघडली की कितीही महागडी काच असली तरी फोटो स्वस्त लेन्सपेक्षा वाईट येतो.

भंडाऱ्याचं वेगळं. हळद बारीक आणि तेलकट, ग्रीसला धरून बसते. करकर थांबली म्हणजे पूड बाहेर गेली असं नव्हे, ती ग्रीसमध्ये कालवली गेली. त्यानंतर तुम्ही एकोणीस लग्नांत रिंग फिरवत राहिलात, म्हणजे आतल्या खाचा रोज थोड्या थोड्या घासल्या गेल्या.

घरी तपासायचं असेल तर असं करा. ट्रायपॉडवर कॅमेरा लावा, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, ॲपर्चर पूर्ण उघडं. लांबचा मोबाईल टॉवर मध्यभागी घेऊन फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करून टाका. मग कॅमेरा वळवत तोच टॉवर आळीपाळीनं चारही कोपऱ्यांत आणा, फोटो काढा आणि कोपऱ्यांची एकमेकांशी तुलना करा. चारही सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची मूळ घडण, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू गेली असेल तर रांग बिघडली आहे. २४ ला आणि ७० ला, दोन्हीकडे करा. नवी लेन्स घेतल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं हे करावं आणि ते फोटो जपून ठेवावेत. पुढे शंका आली की ताडून बघायला आपल्याच लेन्सचा जुना पुरावा हाताशी असतो.

कंपन्यांचे एमटीएफ आलेख, म्हणजे लेन्स मध्यापासून कडेपर्यंत किती बारीक तपशील दाखवते त्याचे आलेख, या कामाला येत नाहीत. झाइससारखे मोजके उत्पादक प्रत्यक्ष मोजून आलेख देतात, बाकी बहुतेकांचे आराखड्यावरून गणितानं काढलेले असतात. तुमच्या हातातल्या नगाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

जांभाचिरा

भिंगवाली ताई, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे लेन्स आपटून जात नाही, कपाटात बसल्या बसल्या जाते. चार वर्षांपूर्वी ८५ एमएमची एक सुंदर लेन्स होती, जीव होता तिच्यावर. मृगापासून गणपतीपर्यंत काम नव्हतं म्हणून चामड्याच्या पेटीत घालून, पेटी कपड्यांच्या कपाटात ठेवली. गणपतीत काढली. टॉर्च मागून मारला तर मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, एका बिंदूतून सगळीकडे फुटलेले. साफ करून आणली, धागे गेले. पण बुरशी वाढताना आम्ल सोडते, त्यानं कोटिंग (काचेवरचा चकाकी रोखणारा पातळ थर) खाल्लं होतं. धाग्यांच्या जागी नक्षी तशीच राहिली. साध्या उजेडात फोटो बरा यायचा. समोर समई किंवा खिडकी आली की सगळ्या चित्रावर दुधाचा पातळ हात फिरवल्यासारखा पडदा.

पेटी चामड्याची होती हीच मोठी चूक. चामडं ओल धरून ठेवतं. वर अंधार, हवा खेळत नाही आणि आर्द्रता. बुरशीला आणखी काय हवं? साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की ती धरतेच, आणि आमच्याकडे जुलैत घरातला काटा ८५ च्या खाली येत नाही.

आता ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेतलं आहे, ४५ टक्क्यांवर लावून ठेवतो. त्याआधी दोन वर्षं घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणारी सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर, एवढ्यावर काढली. तेही चालतं, पण काट्याकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि तांदळात लेन्स ठेवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. तांदूळ फारशी ओल ओढत नाही, त्याचा कोंडा मात्र आत जातो.

अंतरपाट

जेल पुन्हा कशी वाळवता काका? आमच्याकडे आई म्हणते कढईत भाजून घे.

जांभाचिरा

वाळवता येते, ११०-१२० अंशांवर तास-दीड तास. पण रंग बघ. निळ्याची गुलाबी होणारी जी जेल असते तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. ती स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नको. वेगळं जुनं भांडं ठेव, किंवा नारिंगी रंगाची जेल घे. आणि कोरडं करायच्या नादात काटा ३० च्या खाली नेऊ नकोस, रबर आणि ग्रीसला ते मानवत नाही.

ताडोबावाट

चंद्रपूरहून लिहितो. आमच्याकडे दोन शत्रू, धूळ आणि ऊन.

एप्रिल-मे मध्ये जिप्सी पुढे निघाली की मागच्या गाडीवर बारीक मातीचा थर बसतो. या धुळीत मी एक गोष्ट शिकलो. लांबी वाढणारा झूम हवा ओढतो. नळी बाहेर आली की आतली पोकळी वाढते, तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि तिच्याबरोबर धूळ. धूळ-पाणी अडवणारं रबरी सील कितीही चांगलं असलं तरी हवेला वाट ठेवावीच लागते, नाहीतर रिंग फिरणारच नाही. म्हणून सफारीत मी आतल्या आत झूम होणारी किंवा सरळ एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे झूमच नसलेली, लेन्स वापरतो. लांबी वाढणारी न्यावीच लागली तर वाघ दिसायच्या आधी झूम ठरवून ठेवतो, गाडी चालू असताना फिरवत नाही.

उन्हाचं लोक विसरतात. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीत काळी लेन्स ठेवली की ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येतं. पाती चिकटतात, वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो कधी उजळ, कधी ठीक असे येतात. कॅननच्या मोठ्या टेली लेन्स पांढऱ्या असतात त्यामागेही ऊनच आहे. त्यांतल्या बऱ्याच लेन्समध्ये फ्लोराइटच्या काचा असतात आणि फ्लोराइट उष्णतेनं साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. मी सुती पंचा ओला करून घट्ट पिळतो आणि बॅगेवर टाकतो, लेन्सवर नाही.

अंतरपाट

आतल्या आत झूम होणारी लेन्स जड पडते, हा मुद्दा लग्नवाल्यांना सोडता येत नाही. कॅननची ईएफ (जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांची) ७०-२०० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅमची होती, २०१९ ची आरएफ (नव्या, बिनआरशाच्या म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांची) १०७० ग्रॅमची आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत चौदा तास उभं राहणाऱ्याला हे चारशे ग्रॅम मनगटात जाणवतात. त्या बदल्यात आरएफची नळी बाहेर येते. पुढे २०२४ मध्ये त्यांनीच आतल्या आत झूम होणारी दुसरी ७०-२०० आणली, म्हणजे दोन्हींना गिऱ्हाईक आहे.

मला तरी मिररलेसच्या नव्या लेन्सचा दर्जा जुन्यांपेक्षा सरस वाटतो. पूर्ण उघड्या ॲपर्चरला डोळ्याच्या पापण्या मोजता येतात.

चौपाटीचा_वारा

मुंबईत तीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढले, आता निवृत्त आहे. तरुण मंडळींना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, वेदर सील या शब्दावर विसंबू नका. कंपनी छापताना 'धूळ आणि ओलाव्याला प्रतिकार' असं छापते आणि वॉरंटीत पाण्यानं झालेलं नुकसान वगळते. दोन्ही ओळी वाचा. ओएम सिस्टिमसारखे थोडे उत्पादक आपल्या काही लेन्सना आयपी५३ असा ठरावीक दर्जा देतात. त्यातला ५ धुळीचा आणि ३ तिरक्या पडणाऱ्या फवाऱ्याचा. म्हणजे तो आकडासुद्धा पावसाच्या सरीपुरता आहे, लाटेपुरता नाही. शिवाय सील म्हणजे शेवटी रबर. माउंटभोवतीची काळी कड दहा वर्षांनी कडक होते, चिरते. जुनी लेन्स सील असलेली म्हणून घेताना ती कड बोटानं दाबून बघा.

दुसरी, समुद्र. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या रात्री अंगावर येतो तो नुसता पाऊस नसतो, खारं पाणी असतं. ते वाळलं की मीठ राहतं आणि माउंटवरच्या सोनेरी संपर्कबिंदूंना खातं. कोरड्या फडक्यानं पुसलंत तर मिठाचे कण काचेवर ओढले जातात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. रात्री कितीही वाजले तरी मी हे केल्याशिवाय झोपलो नाही.

तिसरी, माझ्याकडे १९८० च्या दशकातली निकॉनची ५० एमएम आहे. फोकस हातानं, रिंग पितळी, ॲपर्चर लेन्सवरच. निकॉननं एफ माउंट १९५९ मध्ये आणला आणि पुढची कित्येक दशकं तोच ठेवला, म्हणून ती लेन्स आजही काम देते. हल्लीच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकस रिंग आणि काच यांचा यांत्रिक संबंध नसतो, मधे मोटर आणि सर्किट असतं. सर्किट गेलं की काच कितीही निर्मळ असो, लेन्स हलत नाही. म्हणून घेण्याआधी चौकशी करा: या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि काम भारतात होईल की बाहेर पाठवावं लागेल.

अंतरपाट

काका, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या एका लेन्सला सीझनच्या मध्यावर ॲपर्चरची रिबन केबल गेली. भाग यायला सात आठवडे लागले आणि तोवर भाड्याच्या लेन्सवर काढलं. भाड्याचा हिशेब केला तर दुरुस्तीपेक्षा जास्त झाला.

अवांतर विचारतो. माझी एक नवी लेन्स कॅमेरा बंद असताना हलवली की आत खडखडते. हेही काही तुटल्याचं लक्षण का?

भिंगवाली

नाही, घाबरू नका. लिनिअर मोटरवर चालणारा काचांचा गट वीज नसताना मोकळा असतो, तो सरकतो. कॅमेरा चालू करा, आवाज थांबला तर सगळं ठीक. चालू असतानाही खडखडली तर पाठवा.

पंचगंगाकाठ

टॉवरची चाचणी केली. ताईंनी सांगितलं तसंच निघालं. २४ ला उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही कोपरे गेलेले, टॉवरच्या आडव्या पट्ट्या एकमेकींत विरघळलेल्या. डावीकडे पट्टी न् पट्टी सुटी. ७० ला फरक कमी. लेन्स दुरुस्तीला पाठवतोय.

तोवर फिल्टरचं विचारतो. मी यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायची संरक्षक काच, लावत नाही. त्या दिवशी लावला असता तर काही फरक पडला असता का?

अंतरपाट

मी लावतच नाही. आरतीचं तबक किंवा दिव्यांची माळ समोर असली की स्वस्त फिल्टर प्रत्येक ज्योतीचं हिरवट भूत फोटोच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभं करतो. नवरीच्या चेहऱ्यावर आलेलं भूत मी एकदा रात्रभर बसून पुसलं आहे. हूड पुरेसा.

ताडोबावाट

मी धुळीत लावतो, पहाटे सूर्य समोर असेल तेव्हा काढतो.

भिंगवाली

धक्क्यासाठी फिल्टरचा फारसा उपयोग नाही. मार त्या पातळ काचेतून नाही, नळीतून जातो. त्या दिवशी तुमच्या हूडनं फिल्टरपेक्षा जास्त काम केलं. स्वतः चिरला, थोडा मार खाल्ला.

पूड, मीठ, चिखल यांच्यासाठी मात्र लावा. कॅननच्या १६-३५ एफ/२.८ एल सारख्या काही लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, कंपनी स्वतः तसं सांगते. भंडारा, गुलाल असेल तर चांगल्या कोटिंगचा लावा आणि रात्री दिव्यांसमोर काढा.

पुढच्या काचेवरच्या ओरखड्याची लोकांना भलतीच धास्ती असते. नखाएवढा ओरखडा फोटोत शोधून सापडत नाही, समोरून थेट प्रकाश आला तरच थोडी चमक वाढते. मागच्या काचेला मात्र जपा. ती सेन्सरच्या जवळ असते, तिथला छोटा डागही दिसतो. आणि नेमकं तिथेच लोक लेन्स बदलताना अंगठा लावतात.

जांभाचिरा

आणखी एक, एसी हॉलमधून बाहेर येताना. आमच्याकडे बाहेरच्या दमट हवेत थंड लेन्स काढली की क्षणात काच घामेजते. ते दव बाहेर पुसता येतं, आत बसलेलं नाही. मी बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या पडवीत ठेवतो, मग उघडतो. वरात निघायच्या आधी हा अर्धा तास हिशेबात धरावाच लागतो.

पंचगंगाकाठ

लेन्स आली. सगळ्यांना कळवायला हवं म्हणून लिहितो.

कारागिरानं उघडल्यावरचे फोटो पाठवले. आतली खाच बघून पोटात कालवलं. ग्रीसचा रंग मोहरीच्या तेलासारखा पिवळा आणि तीन टोपणांपैकी एक अर्धं फुटलेलं. टोपणं बदलली, जुनं ग्रीस धुऊन नवं भरलं, काचांचा गट पुन्हा मध्यावर आणला. नव्या लेन्सच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्यात काम झालं. टॉवर पुन्हा घेतला. चारही कोपरे सारखे आहेत. कोऱ्या लेन्सइतके धारदार नाहीत, पण सारखे आहेत, आणि ग्रुप फोटोला मला तेवढं हवं होतं.

नवी लेन्स आत्ता घेत नाही. त्या पैशांतून ड्राय कॅबिनेट घेतलं. यात्रेसाठी वेगळी ३५ एमएम, झूम नसलेली, वापरलेली पण सील असलेली घेतली. माउंटची रबरी कड दाबून बघूनच घेतली, काका. लग्नाची २४-७० आता जत्रेत जाणार नाही.

एकोणीस लग्नांचे फोटो पुन्हा नीट चाळले. बहुतेक ठिकाणी एफ/८ मुळे निभावलं आहे. पाच घरांचे मुख्य ग्रुप फोटो मात्र उजवीकडे खरोखर मऊ आहेत, मोठी फ्रेम केली तर दिसेल. पाचही घरी फोन करून सांगितलं. तिघं म्हणाले, अल्बममध्ये चांगलं दिसतंय, राहू दे. एका घरी फ्रेम आधीच भिंतीवर लागली आहे, ती मी बदलून देणार आहे, त्यांनी घरचे सगळे गोळा झाले की पुन्हा काढायला बोलावलं आहे. पाचवं घर त्या मावशींचं. त्यांच्याकडे श्रावणात सत्यनारायण आहे. म्हणाल्या, नथ घालूनच बसेन, ये.